ह्यांची हलकी बंदूक

लग्न झाल्यापासून मी नवऱ्याचा उल्लेख ‘हे’ असाच करत आले. आता ते नाहीत, आणि लिहायला बसले तर दुसरा शब्द हाताशी येत नाही. तेव्हा पुढे जिथे जिथे ‘हे’ येईल, तिथे आमचे हेच समजावेत.

हे वजनमाप खात्यात निरीक्षक होते. दुकानांतले काटे तपासायचे, वजनांवर शिक्के मारायचे, खोट्या मापांवर खटले भरायचे. नोकरी संपली तरी हाताची सवय सुटली नाही. कुठलीही वस्तू हातात आली की आधी ती जराशी खालीवर व्हायची, मग तिचं काय करायचं ते ठरायचं. मुलगा झाला तेव्हा नर्सने बाळ ह्यांच्या हातात दिलं. ह्यांनी ते अलगद तोललं आणि म्हणाले, “सव्वातीनला थोडं कमी.” नर्सने काट्यावरचा आकडा सांगितला तो तसाच निघाला, तेव्हा कुठे चेहऱ्यावर आनंद दिसला. बाळाचं नाक कुणासारखं आहे वगैरे गोष्टी त्यानंतर. माझं माहेर दापोलीचं. लग्नानंतर पहिल्यांदा मी ह्यांना हर्ण्याला संध्याकाळचा माशांचा लिलाव बघायला नेलं. तिथे मासळीचे ढीग नुसत्या नजरेने विकले जातात, काटा कुठे नसतोच. हे समुद्राकडे पाठ करून उभे राहिले. “चल,” म्हणाले, “मला हे बघवत नाही.”

भेटायला येणारे सगळे म्हणतात की माणूस फार शांत होता. मी मान हलवते. शांत होतेच. पण शेवटच्या वर्षांत काही महिने हा शांत माणूस जेवणाच्या पानावर माझ्याशी फक्त शिकारीच्या रायफलींबद्दल बोलत असे, हे मी त्यांना सांगत नाही. सांगायचं तर बरंच मागून सुरुवात करावी लागते.

गावाबाहेर सड्यावर, वरच्या कातळी माळावर, आमची आंब्याची कलमं आहेत. कातळ फोडून, माती भरून सासऱ्यांनी लावलेली. फळ धरलं की वानरांच्या टोळ्या उतरतात, खालच्या भाताच्या मळ्यांत डुकरं येतात. म्हणून सासऱ्यांनी पीकसंरक्षणाचा परवाना काढून एक रायफल घेतली होती. त्यांच्यामागे परवाना आणि रायफल दोन्ही ह्यांच्याकडे आलं. ह्यांनी आयुष्यात एक प्राणी मारला नाही. वर्षातून दोनचारदा बांधाच्या मातीत बार टाकायचा, आवाज घुमला की वानरं पलीकडच्या रानात जायची. हवेत का नाही टाकत, असं मी एकदा विचारलं होतं. “वर गेलेलं वजन कुठेतरी खाली येतं,” म्हणाले.

ती बोल्टची रायफल. ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगते: दाराच्या कडीसारखा एक लोखंडी दांडा असतो. तो वर उचलून मागे ओढला की रिकामं काडतूस बाहेर पडतं, पुढे ढकलला की नवं आत जातं, खाली दाबला की कडी बसली. फार भरवशाची रचना, बिघडण्यासारखं त्यात काही नाही, असं हे सांगत. फक्त ती कडी असते उजवीकडे, आणि आमचे हे डावखुरे. शाळेत मास्तरांनी लिहिणं उजव्या हाताचं करून घेतलं, घरी आईने जेवण. बाकी सगळा संसार डाव्या हाताने. त्यामुळे बंदूक डाव्या खांद्याला लावायची, आणि दर बाराला डावा हात चापावरून काढून पलीकडे नेऊन कडी ओढायची. सासरे म्हणत, “हा बंदूक चालवतो की तिची वेणी घालतो?”

मग ह्यांना चक्कर येऊ लागली. नाडी फार हळू चालते असं निघालं, आणि गणपतीच्या आधी पेसमेकर बसवला. डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली, कातडीच्या आत एक डबी, आणि तिथून हृदयात गेलेली बारीक तार. घरी सोडताना डॉक्टरांनी पथ्यं सांगितली. हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, जड उचलायचं नाही, वगैरे. तरुण मुलगा होता, सहज विचारावं तसं विचारलं, “काही छंद, खेळ?”

ह्यांनी छाती काढून सांगितलं, “रायफल आहे.”

“कुठल्या खांद्यावरून चालवता?”

“डाव्या.”

“मग आता नाही, काका. धक्का थेट डबीवर बसेल. तार सुटली तर पुन्हा टेबलावर घ्यावं लागेल, आणि दरवेळी नशीब चांगलं असतंच असं नाही. उजव्या खांद्याने जमत असेल तर नंतर बघू.”

उजव्या खांद्याने ह्यांना छत्रीसुद्धा धरता येत नव्हती. मी मनात सुटकेचा श्वास टाकला. बंदूक गेली एकदाची.

गाडीत बसल्यावर हे म्हणाले, “ऐकलंस ना? जड उचलायचं नाही म्हणाला.”

“आणि बंदूक नाही म्हणाला.”

“जड म्हणून नाही म्हणाला. आपली साडेतीन किलोच्या पुढे आहे. हलकी चालेल.”

जन्मभर वजनाचाच विचार केलेल्या माणसाने डॉक्टरचं वाक्यही काट्यावर घालून ऐकलं होतं. मला तेव्हा हसू आलं. पुढचे काही महिने तितकंसं आलं नाही. हलकी बंदूक मिळाली तर हा माणूस ती डाव्या खांद्याला लावणार हे मला दिसत होतं, आणि त्या तारेचं एक टोक कुठे आहे हेही माहीत होतं.

मुलगा पुण्याला असतो. त्याने वेळ जावा म्हणून ह्यांना एक मोठ्या पडद्याचा टॅब्लेट पाठवला. भजनं ऐकतील असा त्याचा अंदाज. ह्यांनी त्यावर जगभरच्या हलक्या शिकारी रायफलींची माहितीपत्रकं उघडली. परदेशात डोंगर चढून शिकार करणारे लोक म्हणे एकेक ग्रॅमसाठी जीव टाकतात, आणि त्यांच्यासाठी दोन-सव्वादोन किलोच्या रायफली बनतात. हे त्यात असे रमले की दिवाळीचा फराळ पुढ्यात मऊ पडला.

“अगो, ऐक. नळीच्या अंगावर लांब लांब पन्हळी कोरतात. वजन जातं, ताकद तेवढीच राहते.”

“बरं.”

“काही नळ्या आतून बारीक पोलादाच्या आणि वरून कार्बनच्या धाग्याने गुंडाळलेल्या. खांद्यापासून नळीखालपर्यंतचा दस्ता लाकडाचा नाहीच. कार्बनचाच, आत फेस भरलेला. पाव वजन तिथेच कमी.”

“लाकडाला काय झालं?”

“लाकूड पावसात फुगतं. फुगलं की नळीला टेकतं, आणि नेम फिरतो. नळी पुढे कुठेही टेकता कामा नये, दस्त्यापासून सुटी हवी. मधून कागद सरकला पाहिजे.”

“आणि बघतं कोण कागद सरकवून?”

“मी बघितला ना आपल्या बंदुकीला. अडकला.” हे गंभीरपणे म्हणाले. इतकी वर्षं बांधाच्या मातीत मारलेल्या गोळ्यांचा नेम कागदभर चुकत होता, याची त्यांना खरोखर खंत वाटली.

मी मराठी शिकवत असे, शाळेत. यंत्रातलं मला कळत नाही, पण माणूस काय लपवतो ते वाक्यावरून कळतं. हे गुण सगळे सांगत आणि दोष जरा खालच्या आवाजात. नळी पातळ केली की ती लवकर तापते, तिसऱ्या-चौथ्या बाराला गोळी भलतीकडे जाते, हे भाताचा घास घेता घेता सांगितलं. फार हलकी बंदूक हातात डुलते, म्हणून उरलेलं वजन कुठे ठेवायचं हे कमी करण्याइतकंच महत्त्वाचं, दोन हातांच्या मधोमध तोल यायला हवा, हे मात्र आवडीने. काही कंपन्या काडतुसांच्या घराचं खालचं झाकणच काढून टाकतात. कडीची मूठ आतून पोकळ करतात. कडीच्या दांड्यालाही खाचा पाडतात.

“अजून काय काढतात?” मी विचारलं.

“काढण्यासारखं फार उरत नाही.”

“चालवणाऱ्याचं पोट काढत असतील तर विचारा. दोन किलो तिथेही निघतील.”

ह्यांनी टॅब्लेट खाली ठेवला आणि पोटाकडे बघितलं. “साडेतीन,” म्हणाले.

एका पत्रकात त्यांना डावखुऱ्यांसाठीची रायफल सापडली. कडी डावीकडे. तो दिवस मला आठवतो. हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले, टॅब्लेट छातीशी धरून. “कुणीतरी आमचा विचार केलाय गो,” म्हणाले. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचा आवाज असा झालेला मी क्वचित ऐकला होता. मी गॅस बारीक केला आणि ते चित्र नीट बघितलं. एरवी मला सगळ्या बंदुका सारख्याच दिसतात. ही वेगळी आहे असं मी म्हटलं.

अर्थात त्या रायफली आपल्याकडे मिळायच्या नव्हत्या. म्हणून ह्यांनी ठरवलं की आपलीच हलकी करायची. लोखंडाला हात लावायचा नाही, फक्त जुना जड दस्ता उतरवून शिवणीच्या लाकडाचा नवा करायचा. शिवण हलकी, आणि सुकली की वाकत नाही. वाडीतल्या मेस्त्रींना बोलावून लाकूड निवडलं, आकार आखला. मुलगा फोनवर ओरडला, “बाबा, ती बंदूक देऊन टाका!” हे “बघू” म्हणाले. आमच्या घरात ‘बघू’चा अर्थ ‘नाही’ असा होतो, फक्त तो ‘नाही’ कुणाला लागू आहे ते कळत नाही.

मी भांडले नाही. भांडून ह्यांचं वजन कधी हललेलं नाही. एका दुपारी हे पाटावर बसून हिशेब करत होते, दस्ता इतका, पट्टा इतका, एकूण अडीच किलोला उतरेल. मी समोर तांदूळ निवडत होते.

“अहो,” मी म्हटलं, “एक विचारू? काडतूस तेच ना?”

“तेच.”

“मग आत्ता तो सगळा धक्का साडेतीन किलोवर येतो. तुम्ही एक किलो काढून टाकलंत. त्या एका किलोच्या वाटणीचा धक्का जातो कुठे?”

ह्यांनी वर बघितलं. भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेला माणूस. पेन्सिल कागदावर टेकलेली होती ती तशीच राहिली. मग उठले आणि मागच्या पडवीत जाऊन बसले. माहितीपत्रकांत त्याचाही रकाना असतो, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. बंदूक जितकी हलकी तितका धक्का मोठा, आणि तो रकाना त्यांनी पहिल्या दिवसापासून बघितला होता. फक्त बोटाने झाकून ठेवला होता.

तो बेत तिथे थांबला, पण बंदूक घरातच होती. कपाटात. हे अधूनमधून कपाट उघडून बघत, आणि मी ह्यांना बघत.

शिवणीचं लाकूड मात्र कापून झालं होतं. मेस्त्री विचारायला आले, “भाऊ, ह्या लाकडाचा काय करू?” ह्यांनी थोडा विचार केला आणि नळीपासून दस्त्यापर्यंत अख्खी बंदूकच लाकडाची करायला सांगितली. माप त्या डावखुऱ्या रायफलीचं. लांबी तीच, नळीवर पन्हळी तशाच, कडी डावीकडे, आणि ती ओढली की मागे यायला हवी.

“ह्याच्यान काय मरनार नाय वो,” मेस्त्री म्हणाले.

“मारायचंय कुणाला?”

“मग कडी कशाला?”

“असावी,” हे म्हणाले.

शिवण इतकी हलकी की बंदूक सव्वादोन किलोलाही येईना. तेव्हा हे मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावर जाऊन जाळ्याला बांधायच्या शिशाच्या गोळ्या घेऊन आले, दस्त्यात आणि पुढच्या भागात भोकं पाडून त्या बसवल्या, आणि दोन हातांच्या मधोमध तोल येईपर्यंत काढघाल केली. नळीला काळा रंग दिला. मग मला बोलावून म्हणाले, “धर.” मी धरली. खरोखरच हातात छान बसत होती. तसं मी कबूल केलं नाही. “लाटणं बरं केलंय,” म्हटलं.

त्याच सुमारास निवडणुका लागल्या. आचारसंहिता असली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात, आणि ती नेमकी ऐन आंब्यात आली. ह्यांनी खरी रायफल जमा केली, पावती घेतली, आणि दुसऱ्या दिवशी लाकडाची खांद्याला अडकवून बागेत निघाले. मी बरोबर गेले, कारण हसायला कुणीतरी हवं होतं.

वानरं वरच्या रांगेत होती. ह्यांनी बंदूक खांद्यावरून काढली, नुसती आडवी धरली. टोळीचा हुप्प्या एकदा खाकरला आणि सगळी टोळी फांद्या हलवत पलीकडे निघून गेली. बार नाही, आवाज नाही.

“बघितलंस?” हे म्हणाले.

“बघितलं. मामंजींपासूनची सगळी काडतुसं फुकट गेली म्हणायची.”

वाडीत ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. रस्त्यात लोक विचारू लागले, “काय भाऊ, परवाना काढलात काय हिचा?” गावचे पोलीस पाटील एकदा मुद्दाम बागेत आले. आचारसंहिता चालू, भाऊ बंदूक घेऊन फिरतायत असं त्यांच्या कानावर गेलं होतं. ह्यांनी बंदूक त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटसुलट केली, कडी दोनदा ओढून बघितली, नेम धरला.

“हलकी आहे हो,” ते म्हणाले.

“सव्वादोन किलो,” हे म्हणाले, आणि पन्हळीपासून पोकळ मुठीपर्यंत सगळं समजावून सांगितलं. पाटील चहा घेऊन गेले. जाताना मला म्हणाले, “वहिनी, भाऊंची तब्येत सुधारलेली दिसते.”

सुधारली होती. सडा चढून जायचे, येताना कैऱ्या आणायचे. मी मनात दिवस पुढे ढकलत होते. निकाल लागला की खरी बंदूक परत मिळणार होती, आणि तोवर हा खेळ होता. वानरांनाही तो पुढे पुढे कळला असावा. एकदा हुप्प्या जागचा हललाच नाही, ह्यांच्याकडे बघत बघत आंबा सोलून खाल्ला. हे घरी आले ते जरा खट्टू होऊन. मला वाटलं, झालं, आता हे खरीची वाट बघणार.

पण त्या दिवसांत मला एक गोष्ट दिसली. हे बागेत जाताना बंदूक उजव्या खांद्याला अडकवू लागले होते. नेम धरायची वेळ आली तर दस्ता छातीला न लावता काखेत धरायचे.  एकदा आंघोळीनंतर डबीवरच्या कातडीला बोट लावून बघताना दिसले. मला बघून हात काढून घेतला आणि म्हणाले, “दस्त्याचा कोपरा बरोबर इथे येतो.” एवढंच. लाकडाचा, बार नसलेला, सव्वादोन किलोचा.

निकाल लागले. ठाण्यातून फोन आला, हत्यार घेऊन जा. हे म्हणाले, “तूही चल.”  रिक्षात मी पर्समध्ये रुमाल शोधत होते, सापडलेला परत ठेवत होते.

ठाण्यातल्या हवालदाराने रायफल आणून टेबलावर ठेवली. पावती बघितली. ह्यांनी रायफल उचलली, एकदा खालीवर केली. मला वाटलं, खांद्याला लावणार. त्यांनी कडी मागे ओढून आत काही नाही ना ते बघितलं, कडी बसवली, आणि बंदूक पुन्हा टेबलावर ठेवली, नळी भिंतीकडे करून.

“मला ही परत नको,” म्हणाले. “परवानाही. त्याचं काय करावं लागतं ते सांगा.”

हवालदाराने ह्यांच्याकडे, मग माझ्याकडे बघितलं. “का हो काका? मुलाच्या नावावर करायची का?”

“तो पुण्याला असतो. तिथे वानरं नाहीत.”

“मग कारण काय लिहू?”

ह्यांनी जरा विचार केला. हा माणूस आयुष्यात कधी खोटं कारण देत नसे, आणि खरं कारण सांगायला त्यांना शर्टाची बटणं काढावी लागली असती. “वय,” असं त्यांनी सांगितलं, आणि जिथे सही करायला सांगितली तिथे केली. उजव्या हाताने.

पुढे दोन हंगाम हे बागेत जात राहिले. ती तार शेवटपर्यंत जागेवर होती, असं डॉक्टर म्हणाले. हे गेले ते न्यूमोनियाने. तारेची काळजी करण्यात मी एवढी गुंतले होते की दुसऱ्या कशाने काही होईल असं मला सुचलंच नव्हतं. यावर ह्यांनी मला नक्की काहीतरी ऐकवलं असतं.

त्या दिवशी ठाण्याबाहेर आलो तेव्हा ऊन तापलं होतं. रिक्षा दिसत नव्हती. ह्यांना आपल्या हातांचं काय करावं ते कळेना. मागे बांधले, पुढे घेतले, खिशात घातले, काढले. मग माझ्या खांद्यावरून माझी पर्स काढून घेतली आणि स्वतःच्या उजव्या खांद्याला अडकवली. ह्याच माणसाने कधी माझी पिशवीसुद्धा बाजारात धरली नव्हती, कारण बायकांच्या वस्तू पुरुषाने हातात घेऊन उभं राहणं ह्यांना शोभत नसे.

“काय भरून ठेवलंयस हिच्यात?” म्हणाले. “दीड किलो आहे.”

“असू दे. द्या इकडे.”

“राहू दे गो.”

समोरच्या टपरीवरची दोन पोरं आमच्याकडे बघून हसत होती. हे ताठ उभे होते, पट्ट्यावर अंगठा ठेवून, रिक्षा येईल त्या दिशेला बघत. मी पर्स पुन्हा मागितली नाही.